घरावर संकट असताना वैमानिकाने कंपनीला सांगावे की गप्प राहावे?

सातारकर_बहीण यांचा प्रश्न

माझा धाकटा भाऊ एका खासगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आहे आणि त्याचा बेस, म्हणजे जिथून तो ड्यूटीवर निघतो ते शहर, मुंबई आहे. गेल्या वर्षी आमच्या वडिलांना डायलिसिस सुरू करावे लागले आणि त्याच सुमारास भावाच्या संसारातला बेबनाव कुटुंब न्यायालयापर्यंत गेला. प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू आहेत, कंपनीशी केलेल्या बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, मुदत अजून संपलेली नाही, आणि वडिलांच्या उपचारांचा बराचसा खर्चही त्याच्याच पगारातून होतो. मध्यंतरी मी त्याच्याकडे मुंबईला राहायला गेले होते. स्टँडबायच्या, म्हणजे फोन आला तर लगेच कामावर निघायच्या दिवसाच्या, आदल्या रात्री तो रोस्टरचे, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचे, अ‍ॅप पुन्हा पुन्हा उघडून बघत होता आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही गॅलरीत येरझारा घालत होता. पहाटे फोन आला, तेव्हा त्याने गणवेश चढवला आणि एक शब्द न बोलता तो निघून गेला.

मी त्याला म्हटले की कंपनीला सरळ सांग आणि काही दिवस रजा घे. त्यावर त्याचे म्हणणे असे की सांगितले तर मेडिकल, म्हणजे उड्डाणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, जाईल, मेडिकल गेले तर पगाराचा मोठा भाग जाईल, आणि कंपनीकडे वैमानिकांची टंचाई असताना रजा मागणारा माणूस वरिष्ठांच्या डोळ्यांवर येतो. ही भीती कितपत खरी आहे? कंपनीची स्वतःचीच परिस्थिती नाजूक असते, तेव्हा अशा माणसांशी ती कशी वागते? घरच्यांनी यात काय करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_कमांडर यांचे उत्तर

ताई, आपल्या भावाला वाटणारी भीती निराधार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘मन मोकळे करा, कंपनी तुमच्या पाठीशी आहे’ अशी भित्तिपत्रके क्रू रूममध्ये लावलेली असतात आणि ती लावणाऱ्यांचा हेतू चांगलाही असेल. परंतु वैमानिक निर्णय घेतो तो पगाराची पावती पाहून आणि आपल्या आधी ज्यांनी तोंड उघडले त्यांचे काय झाले ते पाहून.

प्रथम पगाराची रचना समजून घ्या. वैमानिकाच्या वेतनाचा एक भाग ठरलेला असतो आणि दुसरा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. कंपनी महिन्याला काही तासांच्या उड्डाण भत्त्याची हमी देते. त्यापुढे जेवढे उडाल तेवढे जास्त मिळते. एअर इंडियात ही हमी कोविडपूर्वी 70 तासांची होती, साथीच्या काळात ती 20 तासांवर आली, आणि कंपनी टाटा समूहाकडे गेल्यानंतर 2023 मध्ये 40 तासांचा करार पुढे आला तेव्हा वैमानिकांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. हमी जितकी कमी, तितका घरी बसलेला प्रत्येक दिवस महाग पडतो. आजारपणाची रजा कागदोपत्री भरपगारी असली, तरी उड्डाण भत्ता आणि मुक्कामाचा भत्ता तिच्यात धरला जातोच असे नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, तो माणूस अशा रचनेत स्वतःला ‘मी ठीक आहे’ असे सांगत राहतो, आणि हळूहळू त्यावर त्याचा विश्वासही बसतो.

आता मागे काय झाले ते सांगतो. जुलै 2020 मध्ये एअर इंडियाने बिनपगारी रजेची योजना आणली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत लांबवता येणारी ही रजा कर्मचाऱ्याला स्वतः मागता येत होती, आणि व्यवस्थापनही एखाद्याला सक्तीने त्या रजेवर पाठवू शकत होते. सक्तीने कोणाला पाठवायचे हे ठरवण्याच्या निकषांमध्ये कार्यक्षमतेबरोबर कर्मचाऱ्याचे आरोग्य आणि पूर्वी आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने तो कामावर उपलब्ध नसल्याचे प्रसंग, हेही लिहिलेले होते. ज्याने नियम पाळून ‘आज मी उड्डाणास योग्य नाही’ असे प्रामाणिकपणे कळवले होते, त्याची तीच नोंद पुढे त्याच्याविरुद्ध वापरता येईल, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्या दिवसांत सर्वच कंपन्यांचे उत्पन्न आटले होते आणि खर्च कमी करणे भाग होते, हे मला मान्य आहे. पण आजारपणाची नोंद हा निकष लावल्याने जे नुकसान झाले, ते त्या एका कंपनीपुरते आणि त्या एका वर्षापुरते राहिले नाही. देशभरातल्या तरुण वैमानिकांनी तो धडा वाचला आणि लक्षात ठेवला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने चाळीसहून अधिक वैमानिकांना तडकाफडकी कमी केले. यांच्यापैकी अनेकांनी पगार वेळेवर मिळत नाही म्हणून आधी राजीनामे दिले होते आणि सूचनेची मुदत संपण्यापूर्वी ते परत घेतले होते. कंपनीने साथीच्या ऐन भरात ते जुने राजीनामे बाहेर काढून मंजूर केले. दिल्ली उच्च न्यायालयाने 1 जून 2021 रोजी ही कारवाई रद्द ठरवून वैमानिकांना मागील वेतनासह कामावर घेण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, परंतु मधले जवळजवळ दहा महिने घरात किराणा कोठून आला असेल, याचाही विचार करायला हवा.

जेट एअरवेजची हकीकत मुंबईकरांना सांगायला नको. वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ कर्मचारी यांचे पगार जानेवारी 2019 पासून थकले, तरी विमाने उडत होती. मार्चमध्ये तिथल्या विमान देखभाल अभियंत्यांच्या संघटनेने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, म्हणजे डीजीसीएला, पत्र लिहून कळवले की पगार न मिळाल्याचा अभियंत्यांच्या मनःस्थितीवर विपरीत परिणाम होत आहे आणि त्यामुळे प्रवाशांची सुरक्षितता धोक्यात आहे. मला या पत्राचे महत्त्व फार वाटते, कारण पैशाची विवंचना ही उड्डाण सुरक्षिततेची बाब आहे, हे कर्मचाऱ्यांनी स्वतः आणि लेखी मांडले होते. तरीही 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले शेवटचे विमान उतरेपर्यंत सर्व काही चालूच राहिले. पुढे दिवाळखोरीची प्रक्रिया पाच वर्षांहून अधिक काळ रेंगाळली आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला.

यावरून आपल्या भावाने गप्प राहावे, असे मी मुळीच म्हणत नाही. त्याने सांगितलेच पाहिजे. मात्र काय, कोणाला आणि कोणत्या क्रमाने सांगावे, याचा विचार आधी करावा. वडिलांच्या उपचारांसाठी हवी असलेली रजा ही एक बाब आहे आणि त्याची स्वतःची न येणारी झोप ही दुसरी. पहिली बाब बेस मॅनेजरकडे लेखी मांडण्यात त्याच्या परवान्याला काहीही धोका नाही. दुसऱ्या बाबीसाठी आधी डॉक्टर गाठावा. या दोन्ही बाबी एकाच दमात एकाच माणसापुढे मांडल्यामुळे अनेकांचे विनाकारण नुकसान झालेले मी पाहिले आहे.

विमान_वैद्यक यांचे उत्तर

मी वैमानिकांच्या वैद्यकीय तपासण्या करतो. कमांडर साहेबांनी ज्याला दुसरी बाब म्हटले आहे, तिच्याविषयी लिहितो.

वडिलांच्या आजाराने आणि मोडत्या संसाराने माणूस खचणे हा आजार नव्हे. त्या दुःखाने परवाना जात नाही. मात्र झोप सतत मोडत असेल, कामात लक्ष लागत नसेल, भूक गेली असेल आणि असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. आपली वैद्यकीय योग्यता कमी झाल्याची जाणीव असताना वैमानिकाने उड्डाण करू नये, हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांतला नियम आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी प्रमाणपत्राच्या मुदतीत रोजच्या रोज त्याची स्वतःची असते. प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र वर्षातून एकदा मिळत असले, तरी ते वर्षभराची हमी देत नाही.

अशा वेळी वैमानिकाला तात्पुरते अयोग्य ठरवले जाऊ शकते. या शब्दांची सर्वांना धास्ती वाटते, परंतु त्यातल्या ‘तात्पुरते’ याकडे कोणी लक्ष देत नाही. पायाचे हाड मोडलेला वैमानिकही तात्पुरता अयोग्यच असतो आणि हाड सांधले की परत येतो. मनाच्या आजाराची वाट अधिक लांब आणि कागदपत्रांनी भरलेली आहे, हे मी नाकारत नाही. तरीही जगभर दिशा बदलली आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 2010 मध्ये चार ठरावीक नैराश्यविरोधी औषधे चालू असलेल्या वैमानिकांनाही देखरेखीखाली उडण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे डीजीसीएने फेब्रुवारी 2023 मध्ये वैद्यकीय परिपत्रक काढून वैमानिकांच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीची पद्धत सांगितली आणि कंपन्यांनी सहकाऱ्यांमार्फत आधार देणारे कार्यक्रम चालवावेत असे म्हटले. हे कार्यक्रम काही ठिकाणी नावापुरते आहेत आणि काही ठिकाणी खरोखर चालतात. आपल्या भावाच्या कंपनीत कोणता प्रकार आहे, हे त्याच्या विश्वासातल्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारले तर कळेल.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे चोरून घेतलेले उपचार. ओळखीच्या केमिस्टकडून झोपेची गोळी आणायची, गावाकडच्या डॉक्टरकडून दुसऱ्याच्या नावावर औषध लिहून घ्यायचे आणि वार्षिक तपासणीच्या अर्जात ‘कोणतेही औषध चालू नाही’ असे लिहायचे, हे प्रकार होतात. काही गोळ्यांचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळीही शरीरात असतो. शिवाय अर्जातली खोटी माहिती उघडकीस आली, तर आजारामुळे जे झाले नसते ते त्या खोटेपणामुळे होते.

24 मार्च 2015 रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणारे जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने आल्प्स पर्वतात आदळवले आणि विमानातले सर्व 150 जण मरण पावले. ही घटना आठवली की लोक लगेच ‘मनोरुग्णांना कॉकपिटमध्ये जाऊ देऊ नका’ असे म्हणतात. फ्रेंच तपास यंत्रणेचा अहवाल मात्र वाचण्यासारखा आहे. त्या तरुणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर जुन्या नैराश्याची नोंद होती, त्या नोंदीमुळे परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा मिळण्यात अडथळा येत असल्याचे त्याने स्वतःच लिहिले होते, आणि प्रशिक्षणासाठी घेतलेले सुमारे 41,000 युरोंचे कर्जही त्याच्यावर होते. त्याने अनेक डॉक्टरांना दाखवले, एका डॉक्टरने मनोरुग्णालयात दाखल होण्याचा सल्लाही दिला, परंतु कंपनीला यातले काहीही कळले नाही. त्याने केलेल्या भयंकर कृत्याला यातले काहीही माफ करत नाही. तरीही तपास यंत्रणेने ज्या शिफारशी केल्या, त्यांत परवाना गमावल्याने येणारे आर्थिक संकट कमी करणे आणि सहकाऱ्यांच्या आधाराचे कार्यक्रम उभारणे या गोष्टी होत्या. मनाच्या दुखण्याने त्रस्त असलेले बहुसंख्य वैमानिक कोणालाही इजा करणारे नसतात, हे मी रोजच्या कामातून सांगू शकतो. भीतीपोटी उपचार टाळल्यामुळे त्यांचे दुखणे बळावते आणि नेमके हेच थांबवायचे आहे.

जून 2025 मध्ये अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाला अपघात झाला. त्यानंतर चारच दिवसांनी, 16 जूनला, त्या कंपनीचे 112 वैमानिक आजारी रजेवर होते. त्यांत 51 कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, आणि 61 फर्स्ट ऑफिसर होते. ही माहिती नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. काही वाहिन्यांनी हा आकडा संशयाने मांडला. माझ्या मते आपले सहकारी डोळ्यांदेखत गेलेले असताना ‘मी आज उडत नाही’ असे म्हणणारा माणूस आपले कर्तव्यच करत होता. पुढे तपास चालू असतानाच मृत वैमानिकांच्या मनःस्थितीविषयी माध्यमांत जे तर्क लढवले गेले, त्यावर वैमानिकांच्या संघटनेने तीव्र आक्षेप घेतला. तो योग्यच होता, कारण डॉक्टरकडे गेल्याची नोंद उद्या आपल्या मृत्यूनंतर दूरचित्रवाणीवर वाचली जाईल असे वाटू लागले, तर कोणता वैमानिक डॉक्टरकडे जाईल?

ताई, झोपेबरोबर ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा त्याच्या तोंडी कधी आली, तर रोस्टर, परवाना, कर्ज यांतल्या कशाचाही विचार न करता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे आणि जिवाला धोका असल्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान दिले आहे.

क्रू_शेड्युलर यांचे उत्तर

मी एका विमान कंपनीच्या क्रू कंट्रोलमध्ये काम करतो. वरच्या उत्तरांत व्यवस्थापन म्हणून जे येते, त्यातली पहाटे फोन करणारी माणसे आम्ही असतो, म्हणून आमची बाजू मांडतो.

आमच्या पडद्यावर प्रत्येक वैमानिकाच्या नावापुढे त्या दिवसाचा एक संकेत असतो: उड्डाण, स्टँडबाय, साप्ताहिक विश्रांती, रजा, प्रशिक्षण, आजारी. ‘वडील रुग्णालयात आहेत’ किंवा ‘आज न्यायालयात तारीख आहे’ यासाठी वेगळा संकेत नाही. त्यामुळे ऐनवेळी अडचण आलेला माणूस आजारी असल्याचे कळवतो, मीही तेच नोंदवतो, आणि महिन्याच्या अखेरीस वरिष्ठांकडे जाणाऱ्या तक्त्यात तो ‘वारंवार आजारी पडणारा’ म्हणून दिसतो. त्या तक्त्यातून माणूस कळत नाही, तरीही त्याच तक्त्यावरून त्याला बोलावणे जाते. हे अन्यायाचे आहे, असे मी आमच्या बैठकीतही सांगितले आहे.

दुसरे असे की अलीकडे आजारी रजा हे वाटाघाटीचे साधन झाले आहे. एप्रिल 2024 मध्ये एअर इंडियातल्या विलीनीकरणाच्या आधी ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांपुढे कमी तासांच्या हमीचा करार आला, तेव्हा आजारी असल्याचे कळवणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली आणि कंपनीला दिवसाला पंचवीस ते तीस उड्डाणे कमी करावी लागली. वैमानिकांच्या तक्रारीत तथ्य नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु अशा प्रत्येक प्रसंगानंतर खऱ्या आजारी माणसाकडेही संशयाने पाहिले जाते आणि त्याची किंमत आपल्या भावासारखे लोक मोजतात.

मुळात दोष माणसे किती ठेवायची या हिशेबात आहे. विमाने वाढतात त्या वेगाने वैमानिक भरले नाहीत, तर रोस्टरमध्ये एका माणसाच्या घरच्या अडचणीलाही जागा उरत नाही. डिसेंबर 2025 मध्ये हे सर्व देशाने पाहिले. उड्डाण-तासांच्या नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली होती आणि रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आणली होती. नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले होते आणि दुसरा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला, तरी इंडिगोची तयारी अपुरी ठरली आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. त्या गोंधळात, 5 डिसेंबरला, डीजीसीएने एक तरतूद मागे घेतली. ती अशी होती की साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरता येणार नाही. बातम्यांत अडकलेल्या प्रवाशांच्या हालांपुढे या एका वाक्याकडे फारसे लक्ष गेले नाही. आमच्यासारख्यांना मात्र त्याचा अर्थ लगेच कळला: वडिलांना डायलिसिसला नेण्यासाठी काढलेला दिवस आणि विश्रांतीचा दिवस हे पुन्हा एकच धरता येणार होते. ज्याने रात्रभर रुग्णालयाच्या बाकावर बसून काढली, त्याची विश्रांती झाली असे कागद म्हणणार. कंपन्यांची अडचण सोडवण्यासाठी सर्वांत आधी सैल होते ती अशीच एखादी तरतूद.

आपल्या भावासाठी एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. डायलिसिसचे वार ठरलेले असतात. ते वार लिहून, रुग्णालयाचे पत्र जोडून, पुढच्या महिन्याचे रोस्टर निघण्यापूर्वी अर्ज आला, तर आम्हाला बरेच काही करता येते: मुक्कामाची उड्डाणे टाळून त्याच दिवशी परत येणारी देता येतात, पहाटेच्या ड्यूटी कमी करता येतात. रोस्टर प्रसिद्ध झाल्यावर तोच अर्ज आला, तर माझ्या हातात फारसे काही राहत नाही.

फ्रँकफर्टवासी यांचे उत्तर

मी जर्मनीत विमान क्षेत्रात काम करते. इथे 1994 पासून ‘स्टिफ्टुंग मेडे’ नावाची संस्था वैमानिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना संकटात आधार देते. तिच्यात फोन उचलणारा बहुतेकदा स्वतः वैमानिक असतो आणि त्याने त्यासाठी प्रशिक्षण घेतलेले असते. संस्था कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा भाग नाही, आणि बोलणाऱ्याला धीर वाटतो तो यामुळेच. जर्मनविंग्जच्या दुर्घटनेनंतर युरोपीय संघाने प्रत्येक विमान कंपनीला वैमानिकांसाठी असा आधार कार्यक्रम उपलब्ध करून देणे बंधनकारक केले; कोविडमुळे थोडे पुढे ढकलून ते 14 फेब्रुवारी 2021 पासून लागू झाले.

इथेही सर्व आलबेल आहे असे कोणी समजू नये. साथीच्या काळात युरोपातही वैमानिकांच्या नोकऱ्या गेल्या आणि अनेकांनी मिळेल ते काम केले. तरीही एक फरक मला जाणवतो. इथे कंपनीला कोणी किती वेळा फोन केला एवढाच आकडा कळतो आणि नाव कळत नाही, अशी व्यवस्था असते. आपल्याकडच्या कार्यक्रमाविषयी चौकशी करताना आपल्या भावाने हाच प्रश्न विचारावा: बोललेले कोणाकडे जाते आणि ते कोठे लिहून ठेवले जाते?

वैमानिक_पत्नी यांचे उत्तर

ताई, माझे पती ज्या कंपनीत होते ती काही वर्षांपूर्वी बंद पडली. कंपनीचे नाव लिहीत नाही. पगार थांबल्यानंतरही ते कित्येक आठवडे उडत होते, कारण सर्वांनी थांबायचे ठरवले तर कंपनी बुडेल आणि थकलेले पैसे कधीच मिळणार नाहीत, असे सर्वांना वाटत होते. शाळेची फी भरायची तारीख आली तेव्हा मी बांगड्या गहाण ठेवल्या आणि ते त्यांना सांगितले नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना पहाटेचे उड्डाण होते. त्यांनीही व्यवस्थापनाकडून मिळालेले एक कडक शब्दांतले पत्र माझ्यापासून लपवले होते. आम्ही दोघेही एकमेकांना सांभाळत होतो आणि त्यापायी दोघेही एकटे पडलो होतो.

कंपनीकडून त्या काळात आम्हाला एकही माणुसकीचा फोन आला नाही. आधार मिळाला तो सहकाऱ्यांकडून. ज्यांना लवकर दुसरी नोकरी लागली, त्यांनी इतरांच्या मुलाखतींसाठी तयारी करून घेतली आणि एकाने आमचा एक हप्ता परस्पर भरला. म्हणून आपल्याला सुचवते की भावाच्या एका जवळच्या सहकाऱ्याशी आपण स्वतः बोलावे. अर्थात भावाला सांगून.

सातारकर_बहीण

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. भावाला हे सर्व वाचून दाखवले. डॉक्टरांना भेटायला तो तयार झाला आहे आणि डायलिसिसच्या वारांचा अर्ज या महिन्यातच देणार आहे. त्याचे दोन प्रश्न आहेत. अर्जात न्यायालयाच्या प्रकरणाचा उल्लेख करावा का? आणि डॉक्टरांनी दोन-तीन महिने न उडण्याचा सल्ला दिला, तर परत येताना नोकरीचे आणि बाँडचे काय होते?

निवृत्त_कमांडर यांचे उत्तर

ताई, हे वाचून बरे वाटले. अर्जात वडिलांचा आजार, उपचारांचे वार आणि त्याला नेमकी कोणती सवलत हवी आहे, एवढेच लिहावे. न्यायालयाच्या तारखांसाठी त्या त्या दिवसाची साधी रजा मागावी. कारण विचारले तर ‘न्यायालयीन काम’ एवढे उत्तर पुरेसे आहे. खोटे काहीही लिहू नये, परंतु विचारले नाही ते सर्व सांगण्याचेही बंधन नाही. अर्ज ईमेलने पाठवावा आणि बेस मॅनेजरला प्रत्यक्ष भेटून त्याची कल्पना द्यावी. लेखी अर्ज नसेल, तर पुढे वरिष्ठ बदलले की तोंडी आश्वासनही त्यांच्याबरोबर जाते.

दोन-तीन महिने थांबावे लागले तर घाबरण्यासारखे काही नाही. मागच्या 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली नसतील, तर प्रवासी विमान उडवण्यापूर्वी ती पूर्ण करावी लागतात आणि त्यासाठी कंपनी सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाचा सराव देणाऱ्या यंत्रावर, वेळ देते. दर सहा महिन्यांची प्रवीणता चाचणी त्याच काळात येत असेल, तर तीही द्यावी लागेल. प्रशिक्षण विभागाला आधीच कळवले, तर दोन्ही गोष्टी एकत्र उरकता येतात. शेवटच्या आठवड्यात कळवले, तर सिम्युलेटर मिळेपर्यंत विनाकारण आणखी काही आठवडे घरी बसावे लागते.

बाँडच्या कागदात आजारपणाच्या रजेचा काळ मुदतीत धरायचा की मुदत तेवढी पुढे सरकवायची, हे बहुधा लिहिलेले असते. तो कागद एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि कोणी कितीही घाई केली तरी या काळात नव्या करारावर सही करू नये. रागाच्या भरात राजीनामा तर मुळीच देऊ नये. डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची आणि कमांडरला वर्षभराची पूर्वसूचना द्यावी लागते. कंपनीने ना-हरकत दिली तरच ती कमी होते. सुटका तर होत नाहीच, उलट जाणारा माणूस म्हणून सवलतीही बंद होतात.

कर्जासाठी बँकेकडे हप्ता चुकण्यापूर्वी जावे. हप्ते नियमित असताना मुदत वाढवून मागणाऱ्याचे बँक ऐकते, थकल्यावर तोच अधिकारी वेगळे बोलतो. आणि परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा त्याने काढलेला असेल, तर डॉक्टरांच्या पहिल्या भेटीपूर्वीच त्या पॉलिसीतले मानसिक आजाराविषयीचे कलम आणि दावा कळवण्याची मुदत पाहून ठेवावी. ती पॉलिसी भावाच्या विमान कंपनीच्या नावे असेल, तर तिची प्रत मनुष्यबळ विभागाकडून किंवा संघटनेच्या प्रतिनिधीकडून मागून घ्यावी. संघटनेकडून घेतली तर कारण सांगावे लागत नाही.